कालिंदीबाईंचा लाकडी कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे. आजकाल लोक गळ्यात अडकवून हिंडतात तसला चिमुकला नव्हे. मला उभं करायला तीन पायांची घोडी लागते, आणि फोटो काढणाऱ्याला डोक्यावर काळं कापड घेऊन माझ्या मागे वाकावं लागतं. कलकत्त्याच्या बहूबाजारात एका चिनी सुताराने मला सागवानातून घडवलं. पोटात चामड्याचा भाता बसवला, कडांना पितळी पट्ट्या ठोकल्या. भिंग तेवढं बोटीने परदेशातून आलं.

मला श्यामकांत बर्वे यांनी विकत घेतलं. त्यांचं घराणं आजोबांपासून कलकत्त्याचं. भवानीपूरला गच्चीवरच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. नवरानवरी, बारशाची बाळं, नव्या कोटातले वकील, सगळे माझ्यासमोर श्वास रोखून बसले. फोटो हातात पडला की लोक श्यामकांतांची स्तुती करत, आणि ते माझ्या पाठीवर थाप मारत. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई साताऱ्याकडच्या. तांबड्या दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत, ज्यांवर फोटो उमटतो त्या काचा धुवायचं काम त्यांचं. पण कापडाखाली त्या कधी शिरल्या नाहीत. श्यामकांत म्हणत, "अगं, एकदा बघ तरी यातून!" त्या हसून म्हणत, "नको बाई. माणसं उलटी दिसतात म्हणे त्यात."

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात श्यामकांत विषमज्वराने गेले. मूलबाळ नव्हतं. चार दिवस जिन्यावर माणसांची ये-जा होती, मग ती थांबली. कालिंदीबाईंनी माझ्यावर काळं कापड टाकलं आणि खिडक्या लावून घेतल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे सांगू? रोज सकाळी त्या वर यायच्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत माझ्यासमोर बसायच्या. कधी कापडाकडे हात न्यायच्या आणि परत घ्यायच्या. "उद्या आवरीन," असं पुटपुटून खाली जायच्या. त्या उद्याला दोन वर्षं लागली. दमट हवेने माझ्या भात्यावर बुरशी चढली, झुरळांनी चामडं कुरतडलं. एकाच खोलीत आम्ही दोघं होतो, आणि दोघंही एकटे होतो. मला बोलता येत नव्हतं. त्यांना बोलायला कुणी नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात नागपूरहून धाकटे दीर विनायकराव आले. माणूस मनाने चांगला. खोलीभर नजर फिरवून ते म्हणाले, "वहिनी, इथे एकट्या काय करणार? नागपूरला चला. पोरांमध्ये मन रमेल. हे खोकं विकून टाकू."

"बघते," कालिंदीबाई म्हणाल्या.

"बघायचं काय त्यात? दिवाळी झाली की न्यायला येतो. सामान बांधून ठेवा."

मी विकला जाण्याची वाट पाहू लागलो.

पण त्याच उन्हाळ्यात एक बंगाली बाई जिना चढून आली. नाव नीहार. फाळणीत बारिसालचं घरदार मागे टाकून तिचं कुटुंब शहराच्या कडेला, बेहालाला आलं होतं. ती म्हणाली, "दीदी, माझ्या सासूबाई थकल्यात. घरातले सगळे फोटो तिकडेच राहिले. त्यांचा एक तरी फोटो हवा. पण परपुरुषासमोर त्या बसत नाहीत. इथे कुणी बाई काच धुते असं ऐकलं, म्हणून आले."

"ते गेले. स्टुडिओ बंद आहे," कालिंदीबाई मोडक्या बंगालीत म्हणाल्या.

"आणि तुम्ही? तुम्हाला नाही येत?"

"नाही."

नीहारने माझ्याकडे पाहिलं. "आम्ही ट्रामडेपोच्या मागे, तळ्याकाठी राहतो," एवढं सांगून ती गेली.

ती गेल्यावर कालिंदीबाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या, माझ्यावरचं कापड ओढलं, झटकलं आणि पहिल्यांदाच त्याच्याखाली शिरल्या. माझ्या काचेवर त्यांना रिकामी खुर्ची दिसली, पाय वर केलेली. कापडाखाली त्या रडल्या. ते फक्त मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवसापासून शिकणं सुरू झालं. शिकवणारं कुणी नव्हतं. भिंगाचं झाकण काढायला विसरल्या, काच कोरी निघाली. एकाच काचेवर दोनदा फोटो घेतला, तर खुर्चीच्या पोटातून घागर उगवली. सगळं नीट केलं तरी फोटोवर पांढरे डाग पडत. त्यांना 'बौदी', म्हणजे वहिनी, म्हणणारे शेजारचे शरच्चंद्रबाबू दारातून म्हणाले, "बौदी, कशाला हा खटाटोप? हे यंत्र तुमच्यापेक्षा जड आहे. लोक हसतील."

"हसू देत. मला कुणाचं तरी हसणं ऐकून बरेच दिवस झाले," त्या म्हणाल्या.

डागांचं कारण अखेर त्यांनीच शोधलं. मला उन्हाकडे वळवून त्या कापडाखाली शिरल्या, तर भात्यात बारीक बारीक भोकं चमकत होती. त्यांनी जुन्या छत्रीचं कापड कापलं, खळ शिजवली आणि एकेक भोक बुजवलं. त्यांची बोटं माझ्या जखमांवरून फिरली तेव्हा, मित्रांनो, किती काळाने मला कुणाचा हात लागला होता!

दुर्गापूजा जवळ आली तेव्हा त्या मला घेऊन निघाल्या. ट्रामच्या कंडक्टरने मला चढूच दिलं नाही. "हे लाकूडसामान मालगाडीतून न्या!" दुसऱ्या ट्राममध्येही तेच. क्षणभर त्या परत वळल्या. मग हात करून त्यांनी रिक्षा थांबवली, आणि मला मांडीवर आडवं घेऊन बेहालापर्यंत गेल्या.

तळ्याकाठच्या बांबूच्या घराभोवती बायामाणसं गोळा झाली. "बाई फोटो काढणार?" कुणीतरी फिसकन हसलं. नीहारने सगळ्या पुरुषांना कुंपणाबाहेर घालवलं आणि सासूबाईंना फणसाखाली आणून बसवलं. पहिल्या काचेला म्हातारी हलली. दुसऱ्या काचेला कालिंदीबाईंचाच हात हलला. आता एकच काच उरली. त्या कापडाखाली गेल्या आणि बाहेरच येईनात.

"पोरी," म्हातारीने हाक मारली, "तुझा माणूस कुठे?"

कालिंदीबाई बाहेर आल्या. "गेले."

"माझाही गेला. त्याचा फोटोसुद्धा राहिला नाही गं. आता त्याचा चेहरा नीट आठवत नाही. माझं तसं व्हायला नको. मी हलत नाही, तू काढ."

कालिंदीबाईंनी पदर खोचला, झाकण काढलं आणि मोठ्याने मराठीत म्हणाल्या, "एक, दोन, तीन, चार." तिथल्या कुणालाही ते आकडे कळले नाहीत. पण म्हातारी दगडासारखी स्थिर बसली.

घरी तांबड्या दिव्याखाली त्या काचेवर हळूहळू चेहरा उमटला. सुरकुती न् सुरकुती स्वच्छ. दाखवायला घरात कुणी नव्हतं. ओली काच घेऊन त्या माझ्यासमोर आल्या, ती माझ्या भिंगापुढे धरली आणि म्हणाल्या, "बघ."

तो फोटो बेहालातल्या घराघरांत फिरला. परपुरुषासमोर न बसणाऱ्या कितीतरी बायकांना फोटो हवाच होता. बोलावणी येऊ लागली.

दिवाळीनंतर विनायकराव आले. दाराशी मी पोत्यात गुंडाळलेला, दोरीने बांधलेला. ते खूश झाले. "वा वहिनी! बांधलंत सामान!"

"बांधलंय, भावजी. उद्या बराकपूरला लग्न आहे, तिकडे जायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा. चहा टाकते."

विनायकराव बसले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मग उद्या हे जड धूड स्टेशनापर्यंत मी उचलतो."

त्यानंतर मी वर्षानुवर्षं काम केलं. आता कालिंदीबाईंनी एक छोटा कॅमेरा घेतला आहे. आज सकाळीही तो घेऊन त्या हावड्याला गेल्या. मी कोपऱ्यात आहे. गच्चीवर कावळे बोलतात, दुपार लांबत जाते. खोटं कशाला सांगू, फार एकटं वाटतं. तरी जिन्यावरून उतरणारी त्यांची घाईची पावलं ऐकली की बरं वाटतं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंवरून अधूनमधून फडकं फिरवा. आणि एखादं माणूस बरेच दिवस गप्प बसून असेल, तर त्याला नुसता धीर देऊ नका. त्याच्या दाराशी जा आणि म्हणा, "माझं एक काम अडलंय. तुम्हाला येईल का?" ते 'नाही' म्हणेल. तरी आपला पत्ता सांगून या.