खळं खाली करताना

आमच्या जिनिंगमध्ये दोन खळी होती, आणि दोन्हींवर कोणाला पाय ठेवता येत नव्हता.

जामच्या चौरस्त्यावरून आत वळलं की ताराचंद शेठजींची जिनिंग लागते. तिथे मी कापूस निवडायला बसत असे. पट्ट्यावरून कापूस सरकत जातो, दोन्ही बाजूंनी बाया बसतात, आणि त्यातली पाती, किडक्या बोंडांच्या कवड्या, सुतळीचे तुकडे वेचून काढतात. मग तो कापूस सरकी काढणाऱ्या रेच्यांकडे जातो. असे तीन पट्टे होते. माझी जागा तिसऱ्या पट्ट्यावर, यशोदाच्या शेजारी.

शेठजींची कापूस घेण्याची केंद्रं चार. जाम, समुद्रपूर, गिरड आणि वर्धा. किती गाड्या आल्या, कापसात ओल किती, कचरा किती, हे चारी ठिकाणचे आकडे फोनच्या तारेतून एका जागी जाऊन पडत. कॉम्प्युटरवाले त्या जागेला वर्कस्पेस म्हणत. शेठजींच्या तोंडात तो शब्द बसेना. ते म्हणाले, "चार घरचं पीक एका जागी पडते, सारे मिळून मळतेत, मंग हे खळंच झालं ना!" तेव्हापासून त्याचं नाव खळं. पुण्याच्या ज्या कंपनीने ते करून दिलं होतं, तिथले लोकही फोनवर खळंच म्हणू लागले.

ते खळं सांभाळायची ज्योत्स्ना. वर्ध्याच्या एका शिक्षकाची मुलगी, रोज एसटीने येई. तिनेच मला ते पहिल्यांदा दाखवलं.

झालं असं, की ज्योत्स्ना माठावर पाणी प्यायला आली होती आणि यशोदाला खोकल्याची उबळ आली. यशोदा भिंतीला हात टेकून वाकली, आणि ज्योत्स्ना हातात गिलास तसाच धरून थांबली.

"मावशी, ह्या रोजच खोकतात?"

"ज्या दिवशी कचऱ्याचा कापूस येते त्या दिवशी जास्त. आम्ही साऱ्याच खोकतो, तिचं जरा मोठ्यानं असते."

त्या दिवसापासून ती संध्याकाळी ऑफिसच्या खिडकीत येऊन विचारायची, "मावशी, आज किती जणी खोकल्या? कोणत्या पट्ट्यावर?" मी सांगायची, ती खळ्यात टाकायची. दोन हंगाम असं चाललं. मग एकदा तिने मला आत बोलावलं आणि पडद्यावर दोन रेघा काढून दाखवल्या. एक कापसातल्या कचऱ्याची, दुसरी आमच्या खोकल्याची. कचऱ्याची रेघ चढली की आमची चढत होती, ती उतरली की आमची उतरत होती. टेकडीवरून दोघी जणी हात धरून चालाव्यात तशा. मग तिने खोकल्याची रेघ पट्ट्यापट्ट्याने वेगळी करून दाखवली. पहिल्या दोन पट्ट्यांची रेघ बुटकी होती, कारण तिथे धूळ ओढून घेणारा पंखा होता. तिसऱ्या पट्ट्याची रेघ सगळ्यांच्या वर.

खाली एक शब्द लिहिला होता. मी अक्षरं शिकले ती साक्षरतेच्या वर्गात, केस पिकायला लागल्यावर. मी बोट ठेवून वाचलं. खो-क-ला.

मी खुर्चीवर बसले. आमचा खोकला आजवर हवेत जायचा आणि विरून जायचा. तो असा कुठे जमा होत असेल, त्याला आकार असेल, तो दुरून दिसेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तिसऱ्या पट्ट्याला पंखा हवा, हे आम्ही शेठजींना आधीही सांगितलं होतं. ते म्हणत, "थंडी पडली का खोकला होतेच वो बाई." पण ज्योत्स्नाने सांगितल्यावर ते म्हणाले, नव्या हंगामाच्या मुहूर्ताआधी भागीदार बसतील, तेव्हा त्या रेघा दाखव, मग ठरवू. यशोदाला तर डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं, की त्या जागेवर पुन्हा बसू नको. पहिल्या दोन पट्ट्यांवर जागा नव्हती. पंखा लागला तर ती राहणार होती, नाहीतर तिचं काम सुटणार होतं.

त्याच वर्षी, मागच्या हंगामाचा उरलेला कापूस अजून येत होता तेव्हा, पुण्याच्या कंपनीने नवीन खळं करून दिलं. जुनंही तिथेच होतं, आणि त्याने घोळ होऊ लागला. गिरडच्या केंद्रावरचा माणूस चुकून जुनं खळं उघडायचा आणि मागच्या वर्षीचे आकडे पाहून आजच्या कापसाची प्रत ठरवायचा. शेठजी तापले. "एका जिनिंगले दोन खळे कायले पायजेत? मोडून टाका जुनं!"

"मोडू," ज्योत्स्ना म्हणाली, "पण एकदम नाही शेठजी."

ती हे काम कसं करते ते पाहायला मी सुट्टीत खिडकीशी जाऊन उभी राहायची. आधी तिने पडद्यावर एक जाळं काढलं. जुन्या खळ्यातली प्रत्येक वस्तू कशावर टेकली आहे आणि तिच्यावर कोण टेकलं आहे, ते त्यात दिसत होतं. सकाळी कुंपणावर दव पडलं की कोळ्याचं जाळं दिसू लागतं, तसं. रोज तिथेच असतं, पण दिसत नाही. समुद्रपूरच्या फाटकावरची पाटी कुठून आकडे घेते, वर्ध्याला शेठजींच्या टेबलावर येणारा कागद कुठून निघतो, सगळे धागे.

मग तिने जुन्या खळ्याला कुलूप लावलं. आतलं काही पुसलं नाही, फक्त दार बंद केलं.

"हे काऊन?" मी विचारलं.

"आता थांबायचं मावशी. कोण ओरडतं ते ऐकायचं. ज्याचं काही आत राहिलं असेल तो ओरडेलच."

मला माझा बाप आठवला. माझ्या माहेरी चार घरांचं मिळून एक खळं असायचं. मळणी संपली की ते मोडण्याआधी माझा बाप मधोमध उभा राहून चारी दिशांना हाक द्यायचा, "काही राह्यलं का कोणाचं?" मग थांबायचा. कोणाचं सूप राहिलेलं असे, कोणाची दावण. सगळे येऊन आपापलं घेऊन गेले, की मगच तो मधला खांब उपटायचा. बापाने कॉम्प्युटर सोडा, फोनही हातात धरला नव्हता. आणि त्याचीच रीत ही पोरगी त्या काचेच्या पेटीत करत होती, कोणी न सांगता. मी तिला बापाची ती हाक सांगितली.

दुसऱ्याच दिवशी ओरड आली. समुद्रपूरची पाटी कोरी झाली होती. ज्योत्स्नाने ती नव्या खळ्याला जोडून दिली. मग गिरडहून फोन आला, की इथे काहीच उघडत नाही. तो माणूस फोनवर समजणारा नव्हता, म्हणून ती स्वतः गिरडला गेली.

ती गेली त्याच दिवशी शेठजींनी पुण्याला फोन लावला. तिकडे नीलेश नावाचा मुलगा होता. शेठजी त्याला मोठ्याने सांगत होते ते आम्हाला पट्ट्यापर्यंत ऐकू आलं. "अरे नीलेशबाबू, मुहूर्त जवळ आला. ते जुनं खळं खाली करून टाका!"

आम्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

भागीदारांची बैठक त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी होती. त्या दुपारी मी ज्योत्स्नाला म्हटलं, "पोरी, रेघा एकदा दाखव. यशोदानं अजून पाह्यल्या नाई." यशोदा माझ्या मागेच पदराने तोंड झाकून उभी होती. ज्योत्स्ना हसली, म्हणाली, "खोकला तेवढा जुन्यातून नव्यात न्यायचा राहिला आहे. आत्ता नेते. तो कोणी रोज उघडत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी ओरडलं नाही. मीच लक्षात ठेवला होता."

तिने कुलूप काढलं. आत काहीच नव्हतं.

पांढरा पडदा. तिने पुन्हा उघडलं. पुन्हा पांढरा. तिच्या कानामागून घामाची धार निघालेली मला दिसली. तिने पुण्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. शेठजीही आतून आले.

"मॅडम, सरांनीच सांगितलं होतं ना," नीलेश म्हणाला. "खाली करा म्हणाले. मी खाली केलं."

"अरे बापा," शेठजी ओरडले, "मी खाली कर म्हणलो, फेकून दे कुठं म्हणलो?"

"सर, खाली करणं म्हणजे रिकामं करणंच ना?"

"रिकामं तं होतेच! पण आम्ही गाडी खाली करतो तं कापूस नालीत टाकतो का? उतरवून गंजीवर टाकतो! खाली करणं म्हणजे उतरवून घेणं! तुमच्या पुण्यात गाड्या खाली करत नाई का?"

"आमच्याकडे माल उतरवतात, सर."

"तं मंग उतरवाचा ना!"

एरवी आम्ही हसून लोळलो असतो. पण यशोदा माझा दंड घट्ट धरून उभी होती. तिने हळूच विचारलं, "माय, म्हणजे आपला खोकला गेला?" आणि त्याच वेळी तिला उबळ आली. ती खोकत बाहेर गेली.

मग ज्योत्स्ना फोनमध्ये शांतपणे म्हणाली, "नीलेश, रिकामं केलेलं आधी कचऱ्याच्या कोपऱ्यात पडून राहतं ना? तो कोपरा कधी झाडता?"

"दर शनिवारी. दिवेलागणीला आपोआप झाडला जातो."

"आज शनिवार आहे."

पलीकडे थोडा वेळ नुसत्या कळा दाबल्याचा आवाज आला. "थांबवलं. झाडणी थांबवली मॅडम. आता एकेक परत टाकतो. तुम्ही पडद्यावर बघत रहा."

आम्ही बघत राहिलो. पांढऱ्या पडद्यावर एक नाव उगवलं. मग दुसरं. जाम आवक. वर्धा ओल. चिखलातून बेडूक वर यावेत तशी नावं येत होती, नसलेल्या जागेतून. जे पुसलं गेलं ते कुठेतरी पडून असतं आणि हाक मारल्यावर परत येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते. मी हात जोडले होते, ते मला नंतर कळलं.

आणि लोडशेडिंगची वेळ झाली. पंखे थांबले, रेचे थांबले, कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा थोडा वेळ टीं-टीं करून गप्प झाला. पडदा काळा. फोनसुद्धा त्याच विजेवर होता, तोही मेला. खोकला आला की नाही आला, आम्हाला कळलं नव्हतं.

"आता तिकडे तो आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "आपल्याकडे अंधार झाला म्हणून त्याचे हात थांबले नाहीत."

शेठजींनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. तिसऱ्या पट्ट्याशी यशोदा एकटी बसली होती. यंत्रं बंद पडल्यामुळे तिचा खोकला आज त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू येत असावा. एरवी रेच्यांच्या आवाजात तो बुडून जाई.

वीज आली तेव्हा भागीदारांच्या गाड्या फाटकात शिरत होत्या. पडदा उजळला. ज्योत्स्नाने बोट खाली खाली नेलं, आणि सगळ्यात तळाशी ते होतं. मीच वाचलं, या वेळी अडखळले नाही. "खोकला."

तिने ते नव्या खळ्यात उतरवून घेतलं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. जुनं एका पडद्यावर, नवं दुसऱ्यावर. मी जुन्यातले आकडे वाचायची आणि ती नव्यात पडताळायची. भागीदार बाहेर चहा पीत खोळंबले. शेठजी त्यांना म्हणाले, "बसा जरा. माल मोजून घेऊन राह्यल्या."

बैठकीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी बाहेर होते. ज्योत्स्नाने नंतर सांगितलं, की रेघा पाहून एका भागीदाराने विचारलं, हा थंडीचा खोकला कशावरून नसेल? तेव्हा तिच्याआधी शेठजीच म्हणाले, "पहिल्या पट्ट्याले थंडी वाजत नाई का? पंखा लावा."

मुहूर्त झाला, गाड्यांची रांग लागली. नवं खळं चारी केंद्रांवर नीट चालू लागलं. कोणाचा काही फोन येईना. मग एक दिवस ज्योत्स्नाने मला बोलावलं. जुनं खळं आज मोडायचं होतं.

"मावशी, तुमच्या बाबांची हाक द्या ना."

मला लाज वाटली. तरी मी ऑफिसच्या दारात उभी राहिले आणि पट्ट्यांकडे तोंड करून ओरडले, "काही राह्यलं का कोणाचं?"

पहिल्या पट्ट्यावरून सुमित्राबाई ओरडली, "माह्या नवऱ्याची अक्कल राह्यली असन तं पाहा वो!" सगळ्या बाया हसल्या.

ज्योत्स्नाने पुण्याला फोन करून प्रत्येक शब्द सरळ सांगितला. "नीलेश, सगळं उतरवून घेतलं आहे, पडताळलं आहे, एक प्रत वेगळी ठेवली आहे. आता जुनं कायमचं पुसायचं आहे. खाली नाही. पुसायचं." पलीकडे तो हसला. पडद्याने विचारलं, नक्की? तिने हो म्हटलं. पडद्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा हो म्हटलं.

आणि ते गेलं. आवाज नाही, धूळ नाही. मी कानोसा घेतला. रेचे चालू होते, फाटकावर गाड्या खाली होत होत्या, समुद्रपूरच्या पाटीवर आकडे असणारच होते. एवढं मोठं खळं उठलं आणि एक दाणा कुठे सांडला नाही. मी त्या मुलीच्या हातांकडे पाहतच राहिले, इतके ते साधे दिसत होते.

पंखा दिवाळीनंतर आला. सुरू केला तेव्हा तिसऱ्या पट्ट्यावरची धूळ उन्हाच्या कवडशात आधी गोंधळली, मग वळली, आणि रांगेने पंख्याच्या जाळीकडे चालू लागली. यशोदा काम सोडून ते पाहत राहिली.

संध्याकाळी ज्योत्स्ना खिडकीत आली. "मावशी, आज तिसऱ्या पट्ट्यावर?"

मी सवयीने तोंड उघडलं, आणि मागे वळून पाहिलं. यशोदा सुमित्राबाईला काहीतरी सांगून हसत होती, आणि हसताना तिला खोकला आला नव्हता.

"थांब," मी म्हटलं, "तिलेच इचारून येतो."