भिंतीला थंडी वाजत नाही

बेबीनंदा गेली तो मंगळवार होता. मंगळवारी आमच्याकडे न्यूझीलंडच्या बायांचा फोन यायचा.

ती जालन्याला दवाखान्यात होती. दम लागायचा म्हणून भरती केलं होतं. आमची लेक संध्या तिच्याजवळ होती. मीही तिथंच होतो, पण आदल्या दिवशी तिनं मला हसनाबादला पिटाळलं. म्हणाली, "हितं बसून तुम्ही काय डाक्टर होऊन राह्यले का? जा घरी. उद्या मंगळवार हाय. मॅरियनला गोधडी दाखवा. एकच कोपरा राह्यला म्हणावं. तो मी आल्यावर भरते."

म्हणून मी ओसरीवर गोधडी पसरून बायांच्या मधे बसलो होतो. शेजारच्या द्वारकाबाई होत्या, त्यांच्या दोन सुना होत्या, आणि जालन्याच्या संस्थेची आकांक्षा होती. आमचं त्यांना आणि त्यांचं आम्हाला समजावून सांगायचं काम तिचं. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पलीकडे मॅरियन आणि तिच्या मैत्रिणी चहा पीत होत्या. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. संध्या होती. ती "बाबा" म्हणाली आणि पुढं काही बोललीच नाही. मला कळलं.

द्वारकाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हंबरडा फोडला. आकांक्षानं अजून काही सांगितलं नव्हतं, तरी पलीकडे मॅरियननं कप खाली ठेवला. त्या सगळ्या खुर्च्यांवरून उठून उभ्या राहिल्या.

फोन बंद करायचं आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांनीही तो बंद केला नाही. भोकरदनचे पाहुणे यायच्या आधी, गल्लीतली माणसं जमायच्या आधी, आमच्या घरी भेटायला आलेली पहिली माणसं न्यूझीलंडची. चार्जिंग संपेपर्यंत त्या बसून होत्या.

मी गवंडी आहे. आयुष्यभर भिंती बांधल्या. गोधडीतलं मला तेव्हा एवढंच कळायचं की ती अंगावर घेतली की झोप लागते. बेबीनंदाला मात्र त्यातलं सगळं कळायचं. जुनं लुगडं हातात घेऊन, ते किती हिवाळे टिकेल हे ती सांगायची.

न्यूझीलंडचं प्रकरण संस्थेनं आणलं. एक गाव इकडचं, एक तिकडचं, दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांकडून काहीतरी शिकायचं. पगार कुणालाच नाही, सगळा मामला खुशीचा. त्याला ते जोडगाव म्हणायचे. तिकडच्या बायांचं शिवणकामाचं मंडळ होतं, त्यांना आमच्या गोधड्या बघायच्या होत्या. पहिल्यांदा मॅरियन आणि तिच्या मैत्रिणी गावात आल्या, तेव्हा आमच्या बुद्धविहाराच्या समितीचा चिटणीस मिथुन याला वाटलं, एवढ्या लांबून बाया आल्या म्हणजे धम्मासाठीच आल्या असणार. त्यानं मंडप टाकला, पंचशील झालं, तासभर भाषण झालं. बायांनी ते मनापासून ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि मग आकांक्षाला विचारलं, गोधडी कुठं आहे?

मिथुन अजून त्या दिवसाचं नाव काढू देत नाही.

ठरलं असं, की वर्षाला एक गोधडी दोन्हीकडच्या जुन्या कापडाची शिवायची. एका वर्षी आमच्याकडे सुरू करून तिकडे पाठवायची, एका वर्षी त्यांनी सुरू करून इकडे. कापडं आधीच टपालानं यायची. मी त्या मंगळवारी पसरली होती, त्या गोधडीसाठी मॅरियनच्या नवऱ्याचा चौकड्याचा सदरा आला. तो माणूस वारलेला होता. बेबीनंदानं तो माझ्या आईच्या लुगड्याशेजारी लावला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या शेजारी शेजारी. तुमच्या आईला बोलायला कुणीतरी पाह्यजेच."

आमच्याकडे गोधडीला घास देतात. सगळे टाके भरून झाले की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात भाकरीचा तुकडा सारायचा आणि मग तो शिवायचा. पांघरणारा उपाशी राहू नये म्हणून. ज्या घरानं पहिला टाका घातला, त्याच घरच्या हातानं घास द्यायचा. घास दिल्याशिवाय गोधडी पांघरत नाहीत.

आकांक्षानं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "मावशी, त्या देशात खाण्याची वस्तू पाठवता येत नाही. फार कडक आहे तिकडे."

"खायची कुठं हाय," बेबीनंदा म्हणाली. "गोधडीची हाय."

तिनं गुपचूप घास दिला. तिकडच्या तपासणीवाल्यांनी कोपरा उसवून भाकरी काढून घेतली आणि भाकरी काढल्याची चिठ्ठी लावून गोधडी तशीच मॅरियनकडे दिली. भाकरी कशासाठी होती हे मॅरियनला कोण सांगणार? तिला वाटलं, हसनाबादच्या बायांनी वाटेत खायला काहीतरी बांधून दिलं होतं, आणि ती इकडची रीत असणार. रीतीला रीतीनं उत्तर द्यायला पाहिजे. म्हणून पुढच्या वर्षी त्यांची गोधडी आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या कोपऱ्यात एक गोड बिस्कीट शिवलेलं होतं.

ते आम्हाला मुंग्यांनी सांगितलं. सकाळी उठून बघतो तर दारापासून पलंगापर्यंत लाल मुंग्यांची रांग. त्या चावून चावून मी सुजलो होतो. बेबीनंदानं कोपरा चाचपला, हुंगला आणि पोट धरून हसत सुटली. "पोरी हुशार हायेत," ती म्हणाली. "न सांगता बराबर कोपऱ्यात घातलं."

तिला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमची पहिली गोधडी त्यांनी त्यांच्या सभागृहाच्या भिंतीवर टांगली होती. वरून दिवा सोडला होता. फोनवर ते बघून आमच्या सगळ्या बाया खूश झाल्या, ही एकटी गप्प. मग मला म्हणाली, "तुम्ही गवंडी ना? भिंतीला थंडी वाजती का?"

"भिंतीला ओल लागती," मी म्हणालो. "थंडी न्हाई."

"आकांक्षा, सांग त्यांना. भिंतीला थंडी वाजत न्हाई."

आकांक्षा इंग्रजीत बराच वेळ काहीतरी गोड बोलली. बेबीनंदा तिच्याकडे बघत राहिली. "एवढं लांब न्हाई बोलले मी. जेवढं बोलले तेवढंच सांग."

तेवढंच सांगितल्यावर मॅरियन लाल झाली, मग हसली. तिनं कबूल केलं की पुढची गोधडी कुणीतरी पांघरेल. त्या बोलीवर बेबीनंदानं ही शेवटची सुरू केली होती. तिचा एक कोपरा राहिला.

ती गेल्यावर मात्र सगळ्यांना पुन्हा भिंतच सुचली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मिथुन माझ्याजवळ येऊन बसला. "काका, मावशीची गोधडी विहारात लावू. काचेच्या चौकटीत. खाली नाव टाकू. खर्च समिती करंल." त्याच आठवड्यात तिकडूनही निरोप आला, की त्यांच्या सभागृहात तिच्या फोटोशेजारी ती लावावी अशी सगळ्यांची इच्छा आहे.

आकांक्षा म्हणाली, "काका, दोन्ही गावांचं पहिल्यांदाच एकमत झालंय."

"मंग माझं एकट्याचं वेगळं लिही," मी म्हणालो. "कुणी पांघरणार असंल तर न्या. नसंल तर मी पांघरतो."

"तुला काय, मुंग्या बी चालतात," द्वारकाबाई म्हणाल्या.

मी गोधडी घडी करून बेबीनंदाच्या पेटीत ठेवली. पांघरली नाही. घास कुठं दिला होता?

फेब्रुवारीत मॅरियन आली. मंडळाचं काम होतंच, पण ती मुख्य माझ्याकडे आली होती. संध्याही नाशिकहून आली होती. मी स्वतः स्वयंपाक केला. बेबीनंदा गेल्यावर मी भाकरी शिकलो आहे, म्हणजे लोकांना ती भाकरी आहे हे ओळखू येतं इतपत.

द्वारकाबाईंनी ताटात वाजवून बघितली. "देवानंदा, ही भाकर हाय का वीट?"

"हात सवयीचा हाय मावशी. दुसरं काही येतच न्हाई त्याला."

मॅरियननं ती ठेच्यासोबत सगळी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ठेच्याचंच असावं. मग तिनं विषय काढला. आकांक्षा सांगत गेली, "त्या म्हणतात, बेबीनंदाचं नाव लोकांना दिसावं असं त्यांना वाटतं. घरात पांघरली तर कुणाला दिसणार?"

"ज्याला थंडी वाजते त्याला दिसंल," मी म्हणालो. "विचार त्यांना. त्यांच्या गावात थंडी वाजणारं कुणीच न्हाई का?"

मॅरियन विचार करत बसली. मग तिनं कपाळाला हात लावला आणि हसायला लागली.

"त्या म्हणतात, आहे. त्यांची सासू. नव्वदीच्या पुढची आहे. तिला उन्हाळ्यातही थंडी वाजते. पण तिला कधीच काही पसंत पडत नाही. ही गोधडी दिली तर म्हणेल जड आहे, रंग भडक आहे."

द्वारकाबाईंच्या दोन्ही सुनांनी एकमेकींकडे बघितलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "हसता काय? तिथं बी सुना अशाच असतीन म्हणून बिचारीला थंडी वाजून राह्यली."

मी पेटीतून गोधडी काढली आणि मॅरियनच्या मांडीवर पसरली. चौकड्याचा सदरा मधोमध होता. मॅरियननं त्यावर हात ठेवला. तो तिच्या नवऱ्याचा, म्हणजे त्या म्हातारीच्या लेकाचा. मग आकांक्षाकडे वळून ती काहीतरी म्हणाली.

"घेऊन जाते म्हणतात," आकांक्षा म्हणाली. "सासूसाठी."

मग कोपऱ्याची अडचण निघाली. घास देऊन शिवला तर विमानतळावर पुन्हा उसवणार. घास न देता शिवला तर गोधडी उपाशी.

"उपाशी तर बिलकुल द्यायची न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कोपरा उघडा ठेवून न्या," मी म्हणालो. "घास तिथं गेल्यावर द्या."

"कोण देणार? बेबीच्या घरचा हात पाह्यजे ना."

मी संध्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघता बाबा? माझं घर आता नाशिकला. तुम्हीच शिवा."

"मला सुई धरता येती का?"

"भाकर तरी कुठं येत होती?"

आकांक्षा हे सगळं मॅरियनला सांगत होती. मॅरियन माझ्याकडे वळली आणि एकच वाक्य बोलली. ते आकांक्षानं सांगायच्या आधीच मला थोडंसं समजलं, कारण तिनं माझ्याकडे बोट केलं आणि मग विमानासारखा हात केला. पुढच्या खेपेला हसनाबादनं तिकडे जायची पाळी होती. जाणाऱ्यांमध्ये बेबीनंदा होती. तिच्या जागी मी यावं, आणि कोपरा मीच शिवावा.

"गवंडी कशाला पाह्यजे त्यांना?" मी म्हणालो.

"भिंती दाखवायला," संध्या म्हणाली.

गोधडी गेली. कोपऱ्याला मी बेबीनंदाच्या डब्यातली सेफ्टी पिन लावून दिली. बाया वेशीपर्यंत गाडीमागं गेल्या. मी घरीच थांबलो. रिकामी पेटी उगाच एकदा झटकली.

जूनमध्ये आमच्याकडे उकाड्यानं जीव जात होता. तेव्हा मंगळवारी फोन लागला तर पलीकडे खिडकीबाहेर सगळं पांढरं, बर्फ. आमचा उन्हाळा म्हणजे त्यांचा हिवाळा. मॅरियननं फोन एका खोलीत नेला. पलंगावर एक बारकीशी म्हातारी बसली होती. गळ्यापर्यंत गोधडी. माझ्या आईचं लुगडं तिच्या पायांवर आलं होतं आणि लेकाचा सदरा छातीवर.

"अगं, पण घास दिला न्हाई ना अजून," द्वारकाबाई ओरडल्या.

आकांक्षानं विचारलं आणि उत्तर ऐकून हसली. "मॅरियननं सांगितलं होतं त्यांना, की हसनाबादहून माणूस येईल, तोपर्यंत थांबा. त्या म्हणाल्या, मी नव्वदीच्या पुढची आहे, तुमच्या माणसासाठी कुठं थांबू? मला आत्ता थंडी वाजते."

"बराबर हाय," मी म्हणालो.

म्हातारीच्या हातात भाजलेल्या पावाचा तुकडा होता. ती आमच्याकडे न बघता खात होती आणि सगळा चुरा गोधडीवर सांडत होता, उघड्या कोपऱ्यात, पिनेच्या आजूबाजूला. द्वारकाबाई फोनमध्ये डोकं घालून बघत राहिल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "उपाशी तर न्हाई."

म्हातारीनं काहीतरी कुरकुर केली. मी विचारलं, काय म्हणते?

"जड आहे म्हणते," आकांक्षा म्हणाली. "पण धुवायलासुद्धा काढू देत नाही."

हे बेबीनंदाला सांगायला पाहिजे होतं. ती म्हणाली असती, जडच हाय, तुमच्या आईचं लुगडं हाय त्यात.

मी सुईत दोरा ओवायला शिकलो आहे. टाका वाकडा येतो, पण धरून राहतो. कोपरा अजून उघडा आहे, पिनेवर आहे. मिथुन म्हणतो, जालन्याला जाऊन एका दिवसात काम होईल, मी येतो सोबत. अजून गेलो नाही. पासपोर्ट काढायचा राहिला आहे.