पाव इंच कमी

परीक्षक डेलने मापाचा कॅलिपर मिटून स्पर्धेच्या टेबलावर ठेवला आणि व्हर्लिनने घडवलेली छोटी उखळी तोफ दोन बोटांनी बाजूला सरकवली.

"बाद. सगळी मापं शंभरात एकाने कमी भरतायत."

"माझी मापं?" चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या व्हर्लिनचा आवाज मैदानभर गेला. "कोर्टासमोरची तोफ सात महिने मोजलीय मी. तिच्या बरोब्बर एक तृतीयांश आहे ही!"

"सैन्याकडच्या त्या तोफेच्या जुन्या नकाशाशी जुळत नाही."

"मग तो नकाशा चुलीत घाल! खरी तोफ समोर असताना कागद कसले दाखवतोस?"

ज्याने उभ्या जन्मात साधा बोल्ट वळवला नाही, तो आज परीक्षक होऊन आपल्याला बाद करतो! व्हर्लिनने टेप उचलला आणि डेलचा दंड धरून त्याला रस्त्यापलीकडे ओढत नेलं. डेलचा चष्मा टेबलावरच राहिला.

कोर्टासमोरच्या हिरवळीवरच्या तोफेखाली पितळी पाटी होती. '१९४२ साली युद्धासाठी भंगारात वितळायला निघालेली ही तोफ वाचवणारे ओतारी, एमरी स्ट्राउस.' व्हर्लिनचा बाप. गावाने यंदाही तिथे फुलं ठेवली होती.

"नकाशात लांबी किती?"

"बावीस इंच."

टेप पावणेबावीसवर थांबला. व्हर्लिनने पुन्हा लावला. पावणेबावीसच.

 ओतीव लोखंड थंड होताना शंभरात एकाने आकसतं, हे बापानेच त्याला शिकवलं होतं. म्हणून नमुना थोडा मोठा करायचा. तयार वस्तूच वाळूत दाबून साचा घेतला, तर नक्कल तेवढी लहान निघते.

म्हणजे खरी तोफ भट्टीत गेली होती. बापाने ही ओतून तिच्या जागी उभी केली आणि मरेपर्यंत गावाच्या टाळ्या घेतल्या. पोटच्या पोरालाही सांगितलं नाही. थापाड्या! व्हर्लिनने टेप सोडला, तो खाडकन आत गेला.

"काय रे, किती भरली?" डेल डोळे बारीक करून विचारत होता.

व्हर्लिन पाटीपुढच्या फुलांकडे बघत राहिला.

"बावीस," तो म्हणाला. "पुरती बावीस."

"मग मी काय म्हणत होतो? कारण काय लिहू, मोजणीत चूक?"

"लिही की! आता काय माझ्या तोंडून वदवून घेणार आहेस?"

डेलने गुडघ्यावर निकालाचा कागद धरून एक ओळ लिहिली आणि पेन पुढे केलं. व्हर्लिनने सही केली. आडनावाशी आल्यावर पेनाने कागद फाटला.