पाचवा सुरुंग

निजामाच्या राज्यात, फसली तेराशे तीसच्या, म्हणजे इसवी सन एकोणीसशे एकवीसच्या उन्हाळ्यात बीडकडच्या शिरूरजवळच्या एका वाडीत नवी विहीर खोदली जात होती. जुनी आटली होती आणि बायका दीड कोसावरून पाणी आणत होत्या. नवी विहीर खडकाशी येऊन अडली, तेव्हा सुरुंगाशिवाय उपाय उरला नाही.

सुरुंगाचा नियम साधा होता. मुकादम खाली उतरून भोकांत ठासलेल्या दारूच्या वाती पेटवी आणि दोराच्या पाळण्यात बसे. वरचे तिघे त्याला ओढून घेत. मग सगळे पालथे पडत; सुरुंगांनी मुकादमाचे कान जड झालेले असत, म्हणून आवाज ते तिघे मोजत. वाती तितके आवाज झाले, तरच पुन्हा खाली उतरायचे. एक जरी कमी भरला, तर दुसऱ्या सकाळपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही, कारण उरलेली दारू पहारीच्या एका ठिणगीने उडते. या नियमाला ऐकले तेच सांगणारी माणसे लागत. दुसरे काही लागत नसे.

दोरावर सुग्रीव, बंकट आणि धर्मराज होते. मुकादम गहिनीनाथ कामात तरबेज, छातीचा निधडा आणि तोंडाचा जहरी होता.

आठवड्यापूर्वी पाच सुरुंग लावले, तेव्हा सुग्रीवने चार मोजले. काम थांबले. सकाळी पाहिले तर पाचही उडालेले. दोन सुरुंग एकाच क्षणी उडाले, तर कानाला तो एकच आवाज वाटतो. यात सुग्रीवचा दोष नव्हता, आणि चूक मानलीच तरी तिने कोणाचा जीव गेला नसता. गहिनीनाथने मात्र त्याचे पागोटे उतरवले, दोन्ही कानांत ओली माती भरली आणि त्याला पाणवठ्याच्या वाटेवर दिवसभर बसवले.

"बगा, ह्या बहिऱ्यापायी वाडी एक दिवस जास्त तहानली!" तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

त्या वाटेने पाणी आणणाऱ्या बायकांत सुग्रीवची बायको रुक्मिणीबाई होती. ती घागर सावरत, मान खाली घालून निघून गेली. बंकट आणि धर्मराज हसले, कारण मुकादम त्यांच्याकडे पाहत होता.

आज पुन्हा पाच वाती पेटल्या. सकाळी खडकाच्या एका भेगेत ओल दिसली होती, आणि विहिरीभोवती रिकाम्या घागरी घेऊन अर्धी वाडी जमली होती. सुरुंग उडाले. धूर वर आला.

"किती झाले, बंकट?" गहिनीनाथने विचारले.

बंकटने चार ऐकले होते. त्याने घागरींकडे पाहिले, मुकादमाकडे पाहिले. "पाच."

"धर्मराज?"

"पाचच की."

"आन् तू रे, बहिऱ्या? तुला आज सहा ऐकू आले असतील!"

लोक हसले. सुग्रीवनेही चारच ऐकले होते. पण दोघे पाच म्हणत होते, आणि कानातल्या मातीचा गारवा त्याला अजून आठवत होता.

"पाच," तो म्हणाला.

तिघांच्या या एकमताला पुरावा म्हणून काहीच किंमत नव्हती. तेवढ्यावर गहिनीनाथ पहार घेऊन पाळण्यात बसला.

दोर सुग्रीवच्या हातातून सरकत राहिला. पाळणा तळाला टेकला. खाली दगड बाजूला सारल्याचा आवाज आला, मग पहारीचा पहिला घाव.

"मुकादम, वर या!" सुग्रीव काठावर वाकून ओरडला. "पाया पडतो तुमच्या! चारच झाले!"

पहार थांबली. "कावून रे, मगाशी जीभ झडलती का?"

"भ्यालो होतो, मुकादम! वर या!"

"माती इसरला न्हाईस व्हय? सूड घेतो बे माझ्यावर?" खालून हसणे आले, पण ते पूर्वीसारखे नव्हते. "बंकट! हा काय म्हनतो? खरं हाय का?"

बंकटने तोंड उघडले. त्याला फक्त हो म्हणायचे होते. आपण खोटे बोललो हे कबूल केले तर पाणवठ्याच्या वाटेवर उद्या कोण बसेल, एवढेच त्याला दिसले.

"बोल की, बंक्या!" सुग्रीवने त्याचा दंड धरून हलवले. "बोल रे, माणूस मरंल!"

बंकट बोलला नाही.

"मला वाटलंच," खालून आवाज आला, आणि पहार खडकावर पडली.

पाचवा आवाज सगळ्यांनी ऐकला. सुग्रीव दोर ओढत राहिला. दोर हलका आला.

संध्याकाळपर्यंत वाडीत ठरले की विहिरीतल्या आसरांना, पाण्यातल्या त्या देवतांना, बळी हवा होता. आसरा मोजणी करत नाहीत आणि दोर धरत नाहीत. पण या स्पष्टीकरणात वाडीतल्या कोणाचेच नाव येत नव्हते, त्यामुळे ते सर्वांना पटले. विहिरीला पाणी लागले नाही.

दुसऱ्या दिवशी बीडहून पोलीस अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, आला. छडी आपटत त्याने विचारले, "मुकादम उतरने से पहले कितने उडे?"

"पाच, सरकार," धर्मराज म्हणाला.

"चार," सुग्रीव म्हणाला. "आन् मी पाच सांगितले."

"बहरा है क्या तू?"

कोणी हसले नाही. सुग्रीवचे हात नकळत कानांकडे गेले. बंकट मागे उभा होता. तो पुढे आला, आणि अमीनाची छडी वर उचललेली असतानाच म्हणाला,

"त्यो बहिरा न्हाई, सरकार. मीबी चारच ऐकलते. त्यो वरडला, मी न्हाई बोललो."