किल्ली फिरली तेव्हा

साहेब, केराबाईला तुम्ही मारलंत.

“अडाणी बाईने किल्लीच्या भोकात तेल-कुंकू घातल्याने जीप सुरू झाली नाही,” असं तुमच्या कागदात आहे. घातलं, खरंय. त्र्याहत्तरच्या खंडेनवमीला आम्ही नांगर पुजला, मेंढरांची कातर पुजली. दवाखान्याच्या जीपचं तोंड म्हणजे किल्ली जाते ते भोक, असं तिला वाटलं. सातवा महिना होता. जीपलाच म्हणाली, “बाई, येळंला मला बी ने.”

वेळ दोन महिन्यांनी आली. ऐन दुपारी. मूल आडवं. अंबुबाई सुईण म्हणाली, “माझ्या हातातलं न्हाय आता. मंगळवेढ्याला न्या.” आम्ही केराबाईला जीपमध्ये मागं निजवलं. शिवशरण ड्रायव्हरनं किल्ली घातली. फिरेना.

“आण्णा, रॉकेल आणा!”

मी आणलं. भोकात ओतलं, कोंबडीच्या पिसानं आतून पुसलं. लाल चिखल निघाला. तरी फिरेना.

“किल्लीच झिजलीया,” शिवशरण म्हणाला. “वरीस झालं, तीन अर्ज केलं नव्या कुलपासाठी.”

केराबाईचा नवरा सिदू ओरडला, “मग तारा तोड की! जोड डायरेक!”

“मागं जोडल्या हुत्या. सायबांनी पंधरा दिस घरी बसवलं. परत केलं तर नोकरी जाईल, असं लिवून घेतलंय माझ्याकडनं.”

“आरं, माणूस जातंय!”

“दिसतंय की मला!”

अंबुबाई म्हणाली, “ह्यापरीस माजं गाढव बरं. त्येला किल्ली लागत न्हाय.”

मागनं केराबाई बोलली, “भांडू नगा. दादा, सावकाश करा.”

“यव्वा, माय माझी, जरा दम धर,” शिवशरण म्हणाला. त्याचा हात एकदा तारांपाशी गेला. माघारी आला.

मग सिदूनं चहाचा डबा कातरीनं कापून बोटाएवढी पट्टी काढली. मी ती किल्लीखाली सरकवली. झिजलेली किल्ली केसभर उचलली गेली आणि फिरली. इंजन धडधडलं.

मागं अंबुबाईनं केराबाईची नाडी चाचपली. सिदू कातर धरून तसाच उभा.

अंबुबाईनं केराबाईच्या तोंडावर पदर ओढला. “बंद कर आता.”

शिवशरणनं किल्ली उलटी फिरवली. सहज फिरली.

साहेब, दोष कुणाचा ते तुम्ही ठरवलंय. मला एवढंच कळवा. त्या दुपारी शिवशरणनं तारा तोडल्या असत्या, केराबाई जगली असती, तर तुम्ही त्याला कामावर ठेवलं असतंत का?

हो का नाही. एका ओळीत. सहीनिशी.