चार कोंबडे आणि एक विहीर

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमची एक जुनी, पिवळी कॅसेट. माझ्या पोटात एकच खेळ आहे. चार कोंबडे विहिरीच्या काठावर एकमेकांना ढकलतात. शेवटी वर उरेल तो राजा. मध्येच आभाळातून अंडी पडून फुटतात आणि हुशार, अडाणी सगळेच उडतात. म्हणून माझ्यात आजवर कुणी पटाईत झालं नाही.

जहाजावर नोकरी करणाऱ्या उत्तममामांनी मला आंबिवलीला आणलं, दहा वर्षांच्या भाचीसाठी, कल्पितासाठी. मे महिन्याच्या दुपारी तिच्या घरात इतका आरडाओरडा व्हायचा की शेजारच्या सखुबाई लाटणं घेऊन यायच्या आणि खेळ बघत तिथेच बसायच्या. काय दिवस होते ते! पुढे घरात कॉम्प्युटर आला, मग मोबाईल. मी माळ्यावर गेले. वीस वर्षं मला कुणाचा हात लागला नाही.

कल्पिता आता घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहते. यंदा तिथले सेक्रेटरी परशुराम तिला म्हणाले, "मॅडम, सोसायटीच्या मुलांच्या खेळाच्या खोलीत कुणी येतच नाही. जो तो आपापल्या मोबाईलवर. एक तारखेपासून तिथे मांडवाचं सामान ठेवतोय."

"मला एक रविवार द्या," कल्पिता म्हणाली. "कुणी आलं नाही, तर सामान मीच उचलून ठेवते."

तिने मला आंबिवलीच्या माळ्यावरून आणलं, माझी धूळ पुसली, मला चालवणारं जुनं मशीन दुरुस्त करून आणलं, चार रिमोट जोडले. माझा जीव मुठीत होता. मी सुरूच झाले नाही तर? पण पडदा उजळला आणि माझे कोंबडे आरवले!

आली मात्र तिघंच. कल्पिताची मुलगी प्राची, तिची मैत्रीण ऐश्वर्या आणि खालच्या मजल्यावरचा हर्षित. हर्षित हसला, "आंटी, हे कोंबडे आहेत की ठोकळे?"

चौथा गडी नव्हता. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मना पन खेलाचा हाय!"

त्या आवडाबाई होत्या. टॉवरच्या जागी पूर्वी त्यांचीच भातशेती होती. त्यांनी सगळी बटणं एकदम दाबली. अंडी फुटली, तिघांचे कोंबडे विहिरीत गेले आणि आवडाबाईंचा कोंबडा काठावर ऐटीत उभा!

"आज्जी, चीटिंग! परत!" हर्षित ओरडला.

तो ओरडा जिन्यापर्यंत गेला. तासाभरात खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मुलांना बोलवायला आलेले आईबापही रांगेत उभे राहिले. खोलीचं माप घ्यायला आलेले परशुराम सहज म्हणून बसले आणि पहिल्याच झटक्यात विहिरीत पडले.

"हा डाव धरायचा नाही हं!" ते म्हणाले. "माझा रिमोट अडकत होता."

"रिमोट बरा हाय, सायेब," आवडाबाई म्हणाल्या. "हात चालवा!"

सहाव्या डावात ते जिंकले. दोन्ही हात वर करून असे नाचले की चष्मा खाली पडला. मग धापा टाकत म्हणाले, "सामान पार्किंगमध्ये ठेवू. ही खोली मुलांचीच."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना ओलीपासून, धुळीपासून जरूर जपा. पण जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका. आम्ही हाताळल्यानेच जगतो. मला तर एक नाही, चार जणांचे हात लागतात. म्हणून खेळायला बसाल तेव्हा आधी शेजारची बेल वाजवा.