मुक्काम: आईच्या धाकात

माझा मुलगा शिलाईयंत्रे दुरुस्त करीत असे. हटून बसलेले यंत्र त्याच्या हाती गेले की निमूट टीप घालू लागे. संगणकावर अशाच कारागिरांचा एक मंच आहे आणि तेथे त्याने 'उलटी टीप' असे नाव घेतले होते, हे मला तो गेल्यावर समजले. हृदय बंद पडले. त्याविषयी अधिक लिहिणार नाही.

पंधरवड्याने सूनबाई लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली.

"आई, मंचाच्या व्यवस्थापकांचा निरोप आहे. तिथे प्रत्येकाच्या नावाखाली 'मुक्काम' म्हणून राहण्याची जागा लिहिलेली असते. सभासद गेला की ती पुसून ते 'अनंतात' असं लिहितात. आपली संमती मागितलीय."

"सध्या काय लिहिलं आहे?"

तिने लॅपटॉपचा पडदा माझ्यापासून थोडा वळवला.

"वाच. ऐकून मी काही विरघळणार नाही."

"मुक्काम: आईच्या धाकात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने घरची गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडावी!

"आणि बाकीच्यांना काय आया नाहीत?"

"सगळे गमतीनंच लिहितात हो, आई. हे बघा, एक जण राहतो 'सुईच्या नेढ्यात'. हा दुसरा 'कपाटाखाली, हरवलेल्या स्क्रूच्या शेजारी'. आणि हे आजोबा, 'बायकोची हाक ऐकू येणार नाही त्या खोलीत'."

हसू दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड फिरवले. "त्याला कोण काय म्हणालं, ते वाच."

एकाने विचारले होते, 'उलटराव, धाकातून सुटका कधी?' त्यावर माझ्या मुलाचे उत्तर: 'सुटका कशाला? इथं जेवण वेळेवर मिळतं आणि चुकलं तर लगेच कळतं.' दुसऱ्याने सल्ला दिला होता, दुकान मोठ्या बाजारात हलव, चार पैसे जास्त मिळतील. त्याला लिहिले होते: 'तिथून आईची हाक ऐकू येत नाही.'

"पुढे वाच."

"पुढे काही नाही, आई. हे शेवटचं."

यंत्राचा पट्टा तुटावा तशी खोली थांबली. सूनबाई हळूच म्हणाली, "'अनंतात' लिहू द्यायचं का त्यांना? चांगला शब्द आहे."

"शब्द चांगला आहे, जागा फार मोठी आहे. तिथे त्याला हाक कुठल्या बाजूला मारायची?"

मी ताठ बसले आणि मजकूर सांगू लागले.

"लिही. 'माझ्या मुलाने मुक्काम हलवताना माझी परवानगी घेतलेली नाही. सबब पत्ता आहे तोच राहू द्यावा.'"

"असंच पाठवू?"

"अक्षर न गाळता."

ती लिहू लागली. 'परवानगी' हा शब्द तिने दोनदा चुकवला. मी रागावले नाही.